आधी समोरच्याची बाजू

जामबागेतल्या आमच्या घराच्या फाटकाला आतून एक जाड कडी होती. अण्णांचं सकाळचं बोलणं संपल्याशिवाय ती काढायची नाही, असा आईचा दंडक होता. अण्णा म्हणजे माझे वडील. पेशानं वकील आणि हौसेनं पुढारी. आधी नगरसेवक, मग एकदाच आमदार, आणि त्यानंतर शेवटपर्यंत माजी आमदार. फाटकावरच्या पाटीत 'माजी' हा शब्द मागाहून घुसवलेला होता. जागा नसल्यामुळे रंगाऱ्यानं तो इतका बारीक लिहिला होता की नवखी माणसं त्यांना चालू आमदार समजून अर्ज घेऊन आत येत. ही मतदारांची शुद्ध फसवणूक आहे, असं मी म्हणायची. फसलेला माणूस निदान चहा तरी पिऊन जातो, असं ते म्हणायचे. पाटी त्यांनी कधी बदलली नाही.

सकाळचं बोलणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. महत्त्वाच्या खटल्याची सुनावणी असली की अण्णा त्या दिवशी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत सगळा युक्तिवाद मोठ्यानं करून बघत. पण आधी स्वतःचा नाही, आधी समोरच्याचा. समोरचा वकील जे बोलेल ते त्याच्यापेक्षा सरस बोलायचं, हातचं काही राखायचं नाही, आपल्याच अशिलाच्या पार चिंध्या करून टाकायच्या. मग तांब्याभर पाणी प्यायचं, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं आणि तिथून स्वतःची बाजू सुरू करायची. तो पाण्याचा तांब्या आई आधीच कठड्यावर ठेवून देई. कोर्टात ते इंग्रजीत बोलत, पण व्हरांड्यात मराठी आणि दखनीची खिचडी चाले. बाजारातल्या बोलीत जे पटत नाही ते इंग्रजीत फक्त झाकलं जातं, असं त्यांचं मत होतं. शेजारीपाजारी ऐकून हसत. आई हसत नसे. कुणी अर्धंच ऐकून गेलं तर काय, अशी तिला धास्ती होती, आणि म्हणून ती कडी.

दुसरा नियम अण्णांचा स्वतःचा होता, आणि तो व्हरांड्यालगतच्या कडप्प्याच्या बाकाचा होता. भांडणातला जो पक्ष आधी येऊन त्या बाकावर बसेल, त्याची केस ते घेत. मागाहून आलेला कितीही मोठा असो, त्याला चहा मिळे, वकील मिळत नसे. राजकारण करणाऱ्या माणसानं असा नियम करणं म्हणजे स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेणं होतं. आई तसं स्पष्ट बोलून दाखवी. अण्णा म्हणत, बाक आहे म्हणून तर मी आहे.

बेगम बाजारात चाळण्या, सुपं आणि दोरखंड विकणारा एक माणूस होता, मूळचा बिदरकडचा. बापाच्या वेळेपासून तेच भाड्याचं दुकान आणि दुकानामागे राहायची एक खोली. मालकाला ते रिकामं करून हवं होतं. हा मालक अण्णांच्याच पक्षातला बडा माणूस. तिकीट कुणाला द्यायचं यात त्याचा शब्द चाले. तोही आमच्याकडे आला, पण तो यायच्या आधी दुकानदार आणि त्याची बायको बाकावर बसून गेले होते. अण्णांनी मालकाला चहा पाजला आणि हात जोडले.

सुनावणीच्या दिवशी आई आणि मी नांदेडला होतो. मामीचं बाळंतपण होतं. घरात अण्णा एकटेच. दूधवाला फाटक नुसतं लोटून गेला आणि आतून कडी लावायला कुणी नव्हतं. दुकानदाराला धीर धरवेना, तो वेळेच्या कितीतरी आधी आला, फाटक ढकलून आत शिरला आणि गुपचूप बाकावर बसला. अण्णा पाठमोरे होते. ते मालकाची बाजू मांडत होते, आणि ती ऐन रंगात आली होती. हे सगळं समोरच्या चहावाल्यानं नंतर सांगितलं. दुकानदार ऐकत राहिला, मग उठला आणि निघून गेला. अण्णा कोर्टात पोचले तेव्हा त्यानं दुकान सोडायच्या तडजोडीवर सही करून टाकली होती. का केलंस, असं अण्णांनी विचारलं तर त्यानं फक्त हात जोडले. थोड्याच दिवसांत बाडबिस्तरा आवरून ते कुटुंब गेलं, कुठे ते कुणी अण्णांना सांगेना.

वकील विकला गेला, अशी बोंब बाजारभर झाली. खरा घाव पुढचा होता. मालकाला वाटलं की अण्णांनी आतून आपलं काम केलं. त्यानं खूश होऊन वर शब्द टाकला आणि अण्णांना दुसऱ्यांदा तिकीट मिळालं. अण्णांनी ते घेतलं. हे मला आजही पचत नाही, आणि पचत नाही हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

प्रचाराची फेरी बेगम बाजारातून निघाली तेव्हा मी जीपच्या मागे चालत होते. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी दगड मारला नाही. फक्त प्रत्येक दुकानाच्या तोंडाशी एक चाळणी टांगलेली होती. मसाल्याच्या दुकानांवर, भांड्यांच्या दुकानांवर, सगळीकडे. अण्णा हात जोडून हसत होते आणि दोन्ही बाजूंना चाळण्या वाऱ्यावर हलत होत्या. जीप गल्लीबाहेर पडली तेव्हा त्यांनी हात खाली घेतले. निवडणूक ते हरलेच.

त्यानंतर सकाळचा आवाज बंद झाला. वकिली चालू राहिली, पण सुनावणीच्या दिवशी ते व्हरांड्यात नुसते फिरत आणि ओठ हलवत. आईनं कडी लावणं सोडलं, तांब्या ठेवणंही सोडलं. लोक येत राहिले, कुणाला दवाखान्यात खाट हवी असे, कुणाला पोराची शाळा. ती कामं ते करत राहिले आणि लोक त्यांना दुवा देऊन जात. मी वकील झाले तेव्हा वाटलं होतं की आता तरी मला ती विद्या शिकवतील. एकदा मी त्या खटल्याचा विषय काढला. ते राहू दे, एवढंच म्हणाले आणि वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं.

तीसेक वर्षं घर असं शांत होतं. आई गेली. मी लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते, त्यामुळे घर, कोर्ट आणि अण्णा एवढाच माझा पसारा होता. अण्णांनी ऐंशी ओलांडली आणि हळूहळू त्यांचं भान सुटायला लागलं. आधी नावं गेली, मग रस्ते, मग मी. सकाळी मला वहिनी म्हणत, दुपारी डॉक्टरीणबाई.

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी चहा टाकत होते आणि व्हरांड्यातून आवाज आला. त्यांचा आताचा घोगरा, चाचरणारा आवाज नव्हे. तो जुना, पन्नाशीतला, भरलेला आवाज. क्षणभर मला आईची चाहूल घेण्याची इच्छा झाली, इतका तो आवाज त्या काळातला होता. मी दारात आले. अण्णा लुंगी आणि स्वेटरमध्ये, काठी न घेता, ताठ चालत होते.

"हुजूर, भाडेकरूनं मालकाला न विचारता दुकानाचा उंबरा उखडला आणि तिथे शहाबादी दगड बसवला. आज उंबरा, उद्या भिंत, परवा म्हणेल दुकानच माझं."

तोच खटला होता. मालकाची बाजू त्यांनी शेवटपर्यंत मांडली, एक शब्द न अडखळता. मग ते खुर्चीत बसले, अंग सैल पडलं, आणि घोगऱ्या आवाजात त्यांनी मला विचारलं, वहिनी, चहा झाला का?

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज मालकाची बाजू, रोज तो उंबरा, आणि मग खुर्ची. दुसरी बाजू कधी सुरूच होत नसे. मी दारात उभी राहून वाट बघायची, चहा निवून जायचा. आधी मला वाईट वाटलं, मग भीती वाटली, मग चक्क राग यायला लागला. कारण ते बोलणं बिनतोड होतं. मी इतकी वर्षं कोर्टात घालवली आहेत, मला खरा युक्तिवाद कळतो. त्या उंबऱ्यावर मला उत्तर सापडेना. आणि मग जो विचार मी तीस वर्षं दाराबाहेर उभा ठेवला होता तो आत आला. दुसरी बाजू नव्हतीच की काय? तिकीट तर मिळालं होतं. माझा बाप खरंच विकला गेला होता का?

कागद उरले नव्हते. आई उरली नव्हती. खरं काय ते फक्त अण्णांच्या तोंडातून येऊ शकत होतं, आणि त्या तोंडातून दर आठवड्याला आणखी काही शब्द गळत होते. मी त्यांना चिथवून पाहिलं. समोर उभी राहून म्हटलं, हुजूर, भाडेकरूचं म्हणणं असं आहे. त्यांनी माझ्याकडे त्रयस्थासारखं बघितलं. "बसा वकीलबाई. आपली वेळ येईल," म्हणाले, आणि चहा मागितला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. जन्म दिलेल्या माणसानं मला विरुद्ध पक्षाची वकील ठरवलं होतं आणि स्वतः मालकाचा होऊन बसला होता.

शेवटी मी बेगम बाजारात गेले आणि चाळणीवाल्याच्या जुन्या शेजाऱ्याच्या दुकानात चौकशी केली. म्हाताऱ्या झालेल्या त्या शेजाऱ्यानं मला ओळखलं, पण बसा म्हटलं नाही. चाळणीवाला मागेच वारला होता. त्याची बायको सिकंदराबादला होती, रेल्वेत लागलेल्या मुलाकडे, क्वार्टरमध्ये.

ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी कुणाची मुलगी ते सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी सरळ विचारलं, तुमचा नवरा त्या दिवशी घरी येऊन काय म्हणाला? अण्णा विकले गेले म्हणाला ना? तिनं नाही अशी मान हलवली.

"बिके बोलके तो बाजारवाले बोले. मेरे मरद कब्बी नहीं बोले. उनों बोले, साब सच बोल रै थे. पत्थर तो हमीच डाले थे ना."

मी तिथेच ओट्यावर टेकले. त्या माणसाला अण्णांचा संशय आलाच नव्हता. त्याला अण्णांचं बोलणं पटलं होतं. आपलाच वकील म्हणतो आहे तर आपलंच चुकलं असणार, असं समजून त्यानं पिढीजात दुकान सोडलं होतं. बाप बेइमान असता तर मी त्याच्यावर चिडले तरी असते. हे त्याहून वाईट होतं.

मी तिला अण्णांची पद्धत समजावून सांगितली. आधी समोरच्याची बाजू, मग पाणी, मग आपली. तिनं सगळं ऐकून घेतलं, पण तिचा विश्वास बसल्याचं काही दिसलं नाही. तिच्या मनात एकच गोष्ट अडकली होती. त्या दगडाबद्दल तिनं अण्णांना एक गोष्ट सांगितली होती, पहिल्यांदा बाकावर बसले होते तेव्हा. त्या गोष्टीची तिनं नवऱ्यालाही त्या दिवशी आठवण करून दिली, तर तो म्हणाला, त्या गोष्टीला काही किंमत असती तर साहेब बोलले नसते का? तेव्हापासून तिला एवढंच कळून घ्यायचं होतं की साहेबांनी तिचं ऐकलं तरी होतं की नाही.

कोणती गोष्ट, असं मी विचारलं. तिनं सांगायला साफ नकार दिला.

"तुमकू बोली तो तुम उनके मूं में डालते. याद है तो उनोंच बोलेंगे."

मला राग आला आणि तिचं बरोबर आहे हेही कळलं. मी तिला घरी यायचं आमंत्रण दिलं. ती लगेच हो म्हणाली नाही. काही दिवसांनी मुलाचा फोन आला की अम्मा येते म्हणते.

मुलानं तिला सकाळीच आणून सोडलं आणि तो ड्यूटीवर गेला. मी तिला आत खुर्ची देत होते, पण ती बाकावर बसली. अण्णा बाहेर आले. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. आवाज सुरू झाला, हुजूर. ती खाली मान घालून ऐकत होती, आणि मला जाणवलं की तिचा नवरा असाच, इथेच बसला असेल. उंबऱ्याचा मुद्दा आला तेव्हा तिनं पदर तोंडाशी धरला. मला अण्णांना थांबवावंसं वाटत होतं. मी थांबवलं नाही. त्यांचं बोलणं संपलं, ते खुर्चीकडे वळले, आणि सवयीनं मी चहा आणायला आत गेले.

ओट्यापाशी तांब्या होता. तो दिसला आणि माझी मलाच कीव आली. इतके दिवस मी त्यांना चहा देत होते. बोलणं झालं की चहा, म्हणजे काम संपलं. पाणी कुणी दिलंच नव्हतं.

मी तांब्या भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून सावकाश रिता केला, कठड्यावर ठेवला, आणि उठले. भिंतीला धरत धरत ते व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेले. तिथे वळून उभे राहिले. तोंड उघडलं, पण शब्द येईनात. हात नुसता हवेत राहिला. त्यांच्या डोळ्यांत अशी केविलवाणी भीती होती की मला बघवेना.

मग मीच सुरुवात केली. त्यांच्या जुन्या थाटात, हुजूर म्हणत, येरझाऱ्या घालत. मालकाची दुसरी दुकानं रिकामी पडली आहेत. भाडं कधी थकलेलं नाही. मालकाच्या मुलाला धंदा काढायचा आहे हा निव्वळ बहाणा आहे. अण्णा मान डोलवत होते. उंबऱ्याच्या मुद्द्यावर मी अडकले. पावसाचं पाणी आत येत होतं, ती नुसती डागडुजी होती, असं काहीतरी म्हणू लागले. मला स्वतःलाच ते लंगडं वाटत होतं.

अण्णांनी हात वर केला. "असं नाही वकीलबाई. दगड बसवला तेव्हा मालकाचा बाप तिथे हजर होता. नारळ त्यानं फोडला. दगडावर पहिलं पाऊल त्यानं टाकलं. दुकानामागच्या खोलीत नवी सून होती, तिनं पडद्याआडून पाहिलं. तिला बोलवा. तीच आपली साक्षीदार."

बाकावरून हुंदका आला. ती उठून उभी राहिली, पदर डोक्यावर घेतला. "मैं आई साब," म्हणाली.

अण्णा तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले. त्यांनी तिला ओळखलं की नाही, हे मी सांगू शकत नाही. त्यांनी विचारलं, "तुमारे मरद कां हैं?"

तिनं बाकाकडे पाहिलं. मग म्हणाली, "यहींच हैं साब."

"उनकू बोलो, उठके नक्को जाओ. मेरी बारी बाकी है."

"हौ साब. बोलती."

आणि अण्णांनी दुसरी बाजू मांडली. तो भरलेला आवाज आता नव्हता. घोगऱ्या आवाजात, वाक्यं तुटत, मधेच खटला सोडून कुठल्याशा बोअरवेलच्या उद्घाटनाला जाऊन परत येत, ते शेवटपर्यंत बोलले. ती पुन्हा बाकावर बसून ऐकत होती. बसताना ती बाकाच्या एका टोकाला सरकली होती आणि शेजारी एका माणसापुरती जागा तिनं मोकळी ठेवली होती. अण्णा तिच्याकडे बघत नव्हते, ते सगळा वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघून बोलत होते.